बरी झाले, हे कोण ठरवणार?

आरोग्य शिबिर संपत आलं की एक ठरलेली गोष्ट घडते. सतरंज्या झटकून गुंडाळायला घेतात, कुणी चहाचे कप गोळा करतं, आणि दोन-तीन बायका उगाचच मागे रेंगाळतात. खरे प्रश्न तेव्हा येतात. पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल आता बायका गटात बसून बोलतात. ही गेल्या चाळीस वर्षांची आपली कमाई आहे. पण लघवीबद्दल अजूनही नाही. शिंकलं, खोकलं, हंडा उचलला की कपड्यात होते, हे सांगायला अजून आतली खोली लागते.

अशीच एक बाई मागे थांबली. पंचेचाळिशीची, रोजानं शेतात जाणारी, चार बाळंतपणं झालेली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात तिच्यावर गळती थांबवण्याची शस्त्रक्रिया झाली होती. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवली होती. तिथे या शस्त्रक्रियेचा ‘अभ्यास’ चालू होता, त्यात तिचं नाव घातलं होतं. संमतीच्या कागदावर तिनं सही केली होती, कागद इंग्रजीत होता. तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं. त्या तपासणीच्या कागदाची झेरॉक्स तिच्या मुलानं मागून घेतली होती म्हणून मला ती पाहता आली. खोकल्यावर गळती: नाही. निष्कर्ष: बरी.

“खोकल्यावर नाही गळत, ते खरं आहे,” ती म्हणाली. “पण आता घाई लागली की मोरीपर्यंत पोचत नाही. आधी तसं नव्हतं. आणि मालकांजवळ जाणं तर बंदच झालंय. टोचतं.” हे तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं का? “त्यांनी टेबलावर झोपवलं, खोक म्हणाले. मी खोकले. बाकी काही विचारलंच नाही.” मग कागद परत पिशवीत घालता घालता तिनं विचारलं, “ताई, त्यांच्या वहीत मी बरी झालेल्यांत धरलेली आहे का?”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर एका डॉक्टर मैत्रिणीला हाताशी धरून या विषयावरचे मोठे अभ्यास वाचले. ते वाचताना कळलं, की बाईनं विचारलेला प्रश्न भाबडा नव्हता. लघवी गळण्यावरच्या सगळ्या संशोधनाचं मर्म त्याच प्रश्नात आहे. बरी झाली असं कोण म्हणतंय, कशावरून, आणि किती दिवसांनी?

आधी तक्रारीचे प्रकार थोडक्यात सांगते. खोकला, शिंक, ओझं यांच्या दाबानं गळते तो एक. एकाएकी जोराची लागते आणि पोचेपर्यंत होऊन जाते, तो दुसरा. अनेकींना दोन्ही असतात. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडून सतत गळत राहतं, ते दुखणं वेगळं. त्याबद्दल इथे बोलत नाही. प्रकार वेगळे तसे उपचारही वेगळे, आणि एकाचा उपचार करताना दुसरा उद्भवू शकतो. या बाईचं बहुधा तेच झालं होतं. तिला कोणी तो प्रश्न विचारला असता तर ते कागदावर आलं असतं.

दाखवता आलं तरच दुखणं

इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी ही या विषयातल्या तज्ज्ञांची जागतिक संस्था १९७१ मध्ये सुरू झाली. कुठल्या तक्रारीला काय म्हणायचं आणि ती कशी मोजायची, हे ती ठरवते आणि जगभरचे संशोधक ते वापरतात. कित्येक वर्षं तिची व्याख्या अशी होती: आपल्या इच्छेविरुद्ध लघवी जाणं, जे सामाजिक किंवा स्वच्छतेच्या दृष्टीनं अडचणीचं ठरतं आणि जे वस्तुनिष्ठपणे दाखवून देता येतं. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. दाखवून देता येतं. म्हणजे बाई दहा वर्षं घडी घेऊन हिंडत असली, तरी तपासणीच्या टेबलावर डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत थेंब पडला नाही तर तिला दुखणंच नाही! २००२ साली संस्थेनं ही व्याख्या बदलली. आता आपोआप लघवी गळण्याची कुठलीही तक्रार म्हणजे हे दुखणं. बाईचं सांगणं हाच पुरावा झाला.

मोठीच गोष्ट होती ही. पण व्याख्या बदलली म्हणून मोजमाप बदललं असं झालं नाही. दुखणं आहे की नाही हे बाई सांगणार, आणि बरं झालं की नाही हे मात्र पुन्हा डॉक्टर बघून सांगणार, अशी विचित्र वाटणी बऱ्याच अभ्यासांत राहिली.

तिचा परिणाम आकड्यांवर कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत सरकारी पैशानं झालेला एक अभ्यास २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. खोकल्या-शिंकल्यानं गळणाऱ्या ६५५ बायका. जाळीचा इथे संबंध नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं त्यांचे दोन गट केले आणि दोन जुन्या शस्त्रक्रियांची तुलना केली. एकीत बाईच्याच शरीरातल्या ऊतीची पट्टी आधाराला बसवतात, दुसरीत टाके घालून मूत्रमार्गालगतचा भाग वर उचलून धरतात. दोन वर्षांनी निकाल काढला. फक्त दाबानं होणारी गळती थांबली का, एवढंच पाहिलं तर पट्टीच्या गटात ६६ टक्के आणि टाक्यांच्या गटात ४९ टक्के यशस्वी. पण कुठल्याही प्रकारची गळती नको, तीन दिवसांच्या नोंदवहीत एकही नोंद नको, पॅड वजनात कोरडं हवं, पुन्हा उपचार लागलेला नको, अशा सगळ्या अटी घातल्या तर तेच आकडे ४७ आणि ३८ वर येतात. त्याच बायका, तीच शस्त्रक्रिया, तेच डॉक्टर. फक्त ‘यश’ या शब्दाचा अर्थ बदलला. शिवाय जी शस्त्रक्रिया जास्त यशस्वी ठरली, तिच्या गटात लघवीचा जंतुसंसर्ग, लघवी करायला त्रास, घाईची गळती हे सगळं जास्त होतं. या संशोधकांनी दोन्ही आकडे आणि त्रासही छापले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. ज्यांनी एकच, सोयीचा आकडा छापला त्यांचं काय?

दुसरा अभ्यास २०१० सालचा, त्याच नियतकालिकातला. जाळीची पट्टी बसवण्याच्या दोन पद्धती, ५९७ बायका, एक वर्ष. खोकून पाहणं आणि पॅड वजन करणं या डॉक्टरी कसोट्यांवर यश ८०.८ आणि ७७.७ टक्के. बायकांनी स्वतः सांगितलेली लक्षणं आणि त्यांनी ठेवलेली नोंदवही यांवर मात्र ६२.२ आणि ५५.८ टक्के. ढोबळ हिशेबानं शंभरातल्या वीसेक बायका दवाखान्यात कोरड्या आणि घरी ओल्या. माझ्यासमोर पिशवी घेऊन बसलेली बाई या वीस जणींतली.

माझी डॉक्टर मैत्रीण इथे मला अडवते. तिचं म्हणणं, बाईच्या सांगण्यावरच सगळं ठेवलं तर तेही फसवं. डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतली, फुकट शस्त्रक्रिया केली, त्यांना वाईट कसं वाटू द्यायचं म्हणून बायका “बरं आहे” म्हणतात. हे मला मान्य आहे. आपण सगळ्यांनीच हे पाहिलंय. पण त्यावरचा उपाय बाईला न विचारणं हा नाही. ज्यानं शस्त्रक्रिया केली त्यानं विचारायचं नाही, एवढाच तो आहे. विचारणारी व्यक्ती वेगळी हवी, जमलं तर बाईच हवी, आणि कुणाला कुठला उपचार मिळाला हे तिला माहीत नसावं. चांगल्या अभ्यासांत असं करतात. त्याला फार खर्चही येत नाही.

खर्चावरून आठवलं. शस्त्रक्रियेआधी मूत्राशयात नळी घालून यंत्रावर दाब मोजण्याची एक तपासणी असते. त्रासदायक आणि महाग. ती न करणं म्हणजे अशास्त्रीय, अशी समजूत होती. २०१२ साली ६३० बायकांवरच्या एका अभ्यासात दिसलं, की साध्या, दाबानं होणाऱ्या गळतीत ती तपासणी केलेल्यांत यश ७६.९ टक्के आणि न केलेल्यांत ७७.२ टक्के. नीट बोलून, नीट तपासून जे कळतं तेवढं पुरतं, इतकाच त्याचा अर्थ.

पाच वेळा वाका, दहा वेळा खोका

पॅड वजन करण्याच्या कसोटीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ही कसोटी मला फार बोलकी वाटते. एका तासाची असते. बाईला वजन केलेलं कोरडं पॅड लावायला देतात. ती अर्धा लिटर पाणी पिते, थोडा वेळ बसते. मग अर्धा तास चालायचं, एक जिना चढायचा-उतरायचा. नंतर खुर्चीवरून दहा वेळा उठायचं-बसायचं, दहा वेळा जोरात खोकायचं, एक मिनिट जागच्या जागी धावायचं, जमिनीवरची लहानशी वस्तू पाच वेळा वाकून उचलायची, आणि शेवटी एक मिनिट वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे. पॅड पुन्हा वजन करायचं. एक ग्रॅमहून जास्त वाढलं तर गळती आहे.

कसोटी विचारपूर्वक केलेली आहे, आणि सगळीकडे एकाच मापानं मोजण्यात शहाणपण आहे, हे मी नाकारत नाही. पण हे आयुष्य कोणाचं? खुर्चीवर बसणाऱ्या, नळाखाली हात धुणाऱ्या बाईचं. भरलेला हंडा डोक्यावर चढवताना जी कळ लागते ती यात नाही. दिवसभर उकिडवं बसून खुरपणं नाही, धुण्याच्या दगडावर चादरी आपटणं नाही, उसाची मोळी ट्रकवर चढवणं नाही. वस्तू ‘लहानशी’ उचलायची आहे! या कसोटीत कोरडी ठरलेली बाई पाणवठ्यावरून कोरडी येईल याची खात्री कोण देणार? आणि दुसरी बाजू अशी, की फडावर किंवा रोजगार हमीच्या कामावर आडोसाच नसतो म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. अशा बाईच्या नोंदवहीत गळती कमी दिसेल. ती बरी झाली म्हणून नाही, तहानलेली राहिली म्हणून.

नोंदवहीचंही तसंच. किती वाजता गेलात, किती मापाची झाली, किती वेळा गळली, हे तीन दिवस लिहायचं. जिच्या घरात मोजायचं भांडं नाही, जिला लिहिता येत नाही, तिनं काय करायचं? अशा बायकांना अभ्यासातून वगळलं की अभ्यास सोपा होतो. मग जो निष्कर्ष निघतो तो शिकलेल्या, शहरी बायकांचा असतो, आणि लागू मात्र सगळ्यांना होतो. आपल्या साक्षरता वर्गांत आपण चित्रांच्या वह्या केल्या होत्या. सूर्य उगवला, सूर्य डोक्यावर आला, थेंब एक, थेंब दोन. हे तज्ज्ञांना सुचत नाही असं नाही, कोणी मागत नाही म्हणून होत नाही.

तुलना नसली की काय होतं

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे तिथल्या ऊती सैल पडतात, म्हणून गळतं. तर मग इस्ट्रोजेनची गोळी द्या. हा तर्क इतका सरळ होता की कित्येक वर्षं डॉक्टरांनी तो पाळला. छोटे छोटे अभ्यास होते, गोळी दिली आणि बाई म्हणाली बरं वाटतं. तुलनेला दुसरा गट अनेकांत नव्हताच. २००१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतल्या, आधीपासून गळतीची तक्रार असलेल्या १५२५ बायकांची माहिती तपासली. काहींना संप्रेरकांची गोळी (इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचं प्रोजेस्टिन) दिली होती, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. चार वर्षांनी काय दिसलं? औषध नसलेल्या गटात २६ टक्के बायकांचा त्रास कमी झाला, संप्रेरकांच्या गटात २१ टक्के. त्रास वाढला तो औषध नसलेल्या गटात २७ टक्के आणि संप्रेरकांच्या गटात ३९ टक्के. पुढे २००५ साली आणखी मोठ्या अभ्यासातून तेच दिसलं. ज्यांना आधी त्रास नव्हता त्यांनाही तो सुरू होण्याचं प्रमाण गोळीनं वाढलं. ज्या गोळीनं गळती थांबायची तिनंच ती वाढवली. (योनीमार्गात लावायच्या मलमाची गोष्ट वेगळी आहे, ती यात मिसळू नये.)

यातला २६ चा आकडा लक्षात ठेवावा. काहीच औषध न घेता चौथ्या हिश्श्याहून जास्त बायकांना बरं वाटलं. कोणीतरी दखल घेतली, नियमित विचारपूस केली, याचाही उपयोग होत असेल; आणि दुखणं आपल्या गतीनं कमी-जास्त होतंच. म्हणून तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासात “आमच्या उपचारानं इतक्या बायका बऱ्या झाल्या” असं कोणी सांगितलं, तर निदान त्यातल्या काही तशाही झाल्या असत्या.

जाळी

आता ज्या गोष्टीमुळे जगभरच्या बायका कोर्टात आणि संसदेत गेल्या, तिच्याकडे येऊ. अमेरिकेत एखादं नवं वैद्यकीय साधन बाजारात आणायचं तर ते आधीच्या एखाद्या साधनासारखंच आहे एवढं दाखवलं की पुष्कळदा काम भागतं. माणसांवर नव्यानं चाचणी करावी लागत नाही. १९९६ मध्ये प्रोटेजेन नावाच्या कृत्रिम पट्टीला अशी वाट मिळाली. १९९८ मध्ये टीव्हीटी नावाची जाळीची पट्टी ‘प्रोटेजेनसारखी’ म्हणून आली. १९९९ मध्ये प्रोटेजेन तिच्या दुष्परिणामांमुळे कंपनीनं परत मागवली. पण तिच्या खांद्यावर उभी राहिलेली पट्टी तशीच राहिली, आणि तिच्या खांद्यावर आणखी कितीतरी. पायाचा दगड काढला तरी इमारत उभी, असा हा कायदा!

टीव्हीटी स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी विकसित केली. त्यांच्या १९९८ च्या अभ्यासात सहा केंद्रांतल्या १३१ बायका होत्या आणि वर्षाअखेर ९१ टक्के बऱ्या झाल्याचं लिहिलं होतं. त्यांच्या कंपनीला मिळायचे काही पैसे या अभ्यासाचे निकाल आधीइतकेच चांगले येण्यावर अवलंबून होते, हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं २०१८ मध्ये लिहिलं. आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. पण निकालावर ज्याचे पैसे अडकलेत त्यानंच निकाल काढायचा, हे आपण बचत गटाच्या हिशेबातसुद्धा चालू देत नाही.

आणि एक वर्ष म्हणजे किती? जाळी शरीरात कायमची राहते. ती झिजून योनीमार्गात बाहेर येणं, आत आवळली जाणं, संबंधाच्या वेळी बाईला आणि नवऱ्यालाही टोचणं, मांडीत-ओटीपोटात न थांबणारं दुखणं, हे बऱ्याच जणींत वर्षांनी दिसतं. बारा महिन्यांनी वही मिटली तर ते दिसणारच नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पहिली सूचना काढली तेव्हा तीन वर्षांत हजाराहून जास्त तक्रारी आल्या होत्या. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या बायकांनी तिथल्या संसदेपुढे अर्ज नेला. इंग्लंडमध्ये काथ सॅनसम या पत्रकार बाईंनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर २०१५ मध्ये मोहीम सुरू केली. २०१८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये या शस्त्रक्रिया थांबवण्यात आल्या. अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेनं २०१९ च्या एप्रिलमध्ये बंद करायला लावली. गळतीसाठीच्या पट्ट्या मात्र त्या आदेशात नव्हत्या. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टानं जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपन्यांना निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं. २०२० च्या जुलैत ब्रिटनच्या बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीचा अहवाल आला. किती बायकांच्या शरीरात जाळी आहे याची नेमकी मोजदाद कोणाकडेच नव्हती, आणि दुखतंय म्हणणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षं उडवून लावलं गेलं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. “वय झालं”, “मनाचे खेळ”. हे शब्द आपल्याला नवे नाहीत. इंग्रजीतही तेच असतात, एवढंच नवं कळलं.

न्यायानं हेही सांगायला हवं, की पट्टी बसवलेल्या पुष्कळ बायका खरोखर बऱ्या झाल्या, आणि त्या तसं सांगतात. म्हणून माझी मागणी बंदीची नाही. कुणाला उपयोग होतो, कुणाला इजा होते, हे मोजायच्या आधीच लाखो बायकांना ती बसवली गेली, हा माझा आक्षेप आहे. आणि अभ्यासात वेदनेचा, शरीरसंबंधाचा रकानाच नसेल तर इजा शून्य दिसते.

रकाना असूनही माहिती बाहेर येत नाही, असंही होतं. ड्युलोक्सेटिन हे मुळात नैराश्यावरचं औषध. २००४ मध्ये युरोपात ते दाबानं होणाऱ्या गळतीसाठी मंजूर झालं. अमेरिकेत कंपनीनं २००५ मध्ये यासाठीचा अर्ज मागे घेतला. गळतीच्या चाचण्यांच्या पुढच्या टप्प्यात, औषध घेणाऱ्या बायकांत आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्याचं त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनानं सांगितलं. छापील निबंधांवर न थांबता संशोधकांनी युरोपच्या औषध संस्थेकडून चार चाचण्यांचे मूळ अहवाल मिळवले, १९१३ बायकांचे; आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला, की फायद्यापेक्षा नुकसान जास्त. नैराश्य नसलेल्या, फक्त लघवी गळणाऱ्या बायका होत्या त्या.

ज्यात कोणाचा फायदा नाही

आणि व्यायाम? ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, धरायचे, सोडायचे. अमेरिकेचे डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली यावर लिहिलं. आपण शिबिरांत तो शिकवतोच. २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. दाबानं गळणाऱ्या बायकांत व्यायाम केलेल्यांपैकी ५६ टक्के म्हणाल्या, बऱ्या झालो. न केलेल्यांत ६ टक्के. एवढा मोठा फरक औषधांच्या अभ्यासांत मला कुठे दिसला नाही. पण हा आकडा किती बायकांवरून काढला? चार अभ्यास मिळून १६५! सगळ्या प्रकारच्या गळतीचे मिळून ३१ अभ्यास, त्यांत १८१७ बायका. म्हणजे एका अभ्यासात सरासरी साठसुद्धा नाहीत. जगातल्या कोट्यवधी बायकांच्या दुखण्यावरचा सगळ्यात स्वस्त, निर्धोक उपाय, आणि त्यावर एवढंसं संशोधन. स्नायू आवळण्याचं पेटंट निघत नाही, हे त्याचं कारण मला वाटतं. संशोधनाचा दर्जा म्हणताना आपण फक्त कसं तपासलं ते बघतो. काय तपासायचं आणि काय नाही, हेही कोणीतरी ठरवलेलं असतं.

इकडे आपल्याकडे १९८५ साली आंध्रातल्या पटनचेरूच्या शिबिरात नेट-एनची सुई प्रयोग म्हणून देतोय हे बायकांना सांगितलंच नव्हतं, आणि त्यावरून स्त्री शक्ती संघटना आणि इतर गट सुप्रीम कोर्टात गेले. त्या लढाईपासून आजवर नियम पुष्कळ झाले. चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, औषध नियंत्रकांच्या परवानगीच्या चाचण्यांना ती २००९ च्या जूनपासून सक्तीची झाली. शरीरात बसवायच्या साधनांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून वेगळा कार्यक्रम आहे. २०१९ मध्ये चाचण्यांचे नवे नियम आले. नोंदवही कोणालाही पाहता येते. अभ्यास सुरू होण्याआधी यशाची व्याख्या काय लिहिली होती आणि नंतर काय छापली, हे ताडून पाहता येतं. आपल्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली हे एका दुपारी शिकतील.

पण जो प्रश्न कोणी अभ्यासायलाच घेतला नाही, तो कुठल्या नोंदवहीत सापडणार? बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवी काढलेल्या बायकांना पुढे गळतीची शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त असतं, हे स्वीडनच्या एका देशभरच्या अभ्यासातून २००७ मध्येच दिसलं होतं. त्या तेरा हजार जणी पुन्हा फडावर गेल्या, मोळ्या उचलू लागल्या. त्यांच्यातल्या कितीजणींना आता घडी घ्यावी लागते? त्या प्रकरणाच्या एवढ्या चर्चेत हा प्रश्न मी तरी कुठे वाचला नाही. तो विचारायला पाणी, पॅड आणि तराजूची गरज नाही. बीडमध्ये आपल्या ओळखीचे गट आहेत. मुकादमाच्या नजरेआड, आतल्या खोलीत, बायकांनी बायकांना विचारायचा आहे.

त्या बाईकडून अर्ज लिहून घेऊन आम्ही रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीकडे पाठवला. त्यात दोनच गोष्टी मागितल्या आहेत. अभ्यासात तिची नोंद काय केली ते तिला मराठीत कळवा, आणि आज तिला काय होतंय ते त्याच फाइलीत लिहून घ्या. पोचपावती आली आहे, उत्तर नाही. परवा तिचा फोन आला होता. पुढच्या बाजारच्या दिवशी ती शहरात येणार आहे, तेव्हा आम्ही दोघी जाऊन बसणार आहोत. कागदांची पिशवी घेऊन ये म्हटलं, तर म्हणाली, “ती तर मी उशाशीच ठेवते, ताई.”